गळलेली दोन अक्षरे

मी कवी माणूस. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो, आणि विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. मला खरे तर 'कविता आणि मी' या विषयावर बोलायला सांगितले होते. मीच विनंती करून विषय बदलून घेतला. आज मी बोलणार आहे ते आपल्या शरीरातल्या डागडुजीविषयी. आपल्या पेशींमधला डीएनए रोज कसा खराब होतो, ते पेशीला कसे कळते आणि ती तो कसा दुरुस्त करते, याविषयी. एका कवीला हे कशाला हवे, असे आपल्याला वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, अंडाशयाचा कर्करोग झाला. ऑपरेशन झाले, केमोथेरपी झाली. मग डॉक्टरांनी रक्ताची एक खास तपासणी करायला सांगितली. तिचा रिपोर्ट आठ पानी, इंग्रजीत. त्यातल्या एका ओळीखाली डॉक्टरांनी पेनने रेघ मारली आणि म्हणाले, "यांच्या बीआरसीए-१ या जनुकात दोन अक्षरं गळलीत."

मी चमकलो. बी. ए. झाल्यावर सहा वर्षे मी एका छापखान्यात मुद्रिते तपासत होतो. अक्षर गळणे म्हणजे काय हे मला चांगलेच ठाऊक. पण छापखान्यात अक्षर गळले तर फार तर मालकांची बोलणी खावी लागत. इथे दोन अक्षरे गळल्याने माझ्या बहिणीच्या जिवावर बेतले होते. आपा मात्र घरी आल्यापासून एकच विचारत होती, "माझ्या हातून काय चुकलं रे?" तिने कधी मिश्री लावली नाही, पान खाल्ले नाही, पाचही मुलांना अंगावर पाजले. तिला उत्तर द्यायचे, तर मला आधी ते समजून घ्यायला हवे होते. त्यासाठी मी वर्षभर वाचले, डॉक्टरांना विचारले, पुतण्याची बारावीची पुस्तके चाळली. त्यातले जे मला समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत एक केंद्रक असते आणि त्यात डीएनएचे धागे गुंडाळून ठेवलेले असतात. एका पेशीतले सगळे धागे उलगडून एकापुढे एक ठेवले तर लांबी सुमारे दोन मीटर भरते, आणि ज्या केंद्रकात ते मावतात ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान. या धाग्यावर शरीर घडवण्याचा आणि चालवण्याचा सगळा मजकूर लिहिलेला आहे. त्याची लिपी चारच अक्षरांची : ए, टी, जी आणि सी. सुमारे तीनशे कोटी अक्षरे आपल्याला आईकडून मिळतात आणि तितकीच वडिलांकडून.

१९५३ साली केंब्रिजमध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी या धाग्याची रचना मांडली. त्यामागे रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण अभ्यासाचा मोठा आधार होता. ही रचना दुपदरी आहे. दोन पदर एकमेकांभोवती गोल जिन्यासारखे वळलेले असतात. एका पदरावर ए असेल तर समोर टी असणारच. जी असेल तर समोर सी. म्हणजे एक पदर हाती असला की दुसऱ्यावर काय लिहिले होते ते न बघता सांगता येते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढचा सगळा व्यवहार याच एका सोयीवर चालतो.

इतका मोलाचा मजकूर आहे म्हटल्यावर तो अतिशय टिकाऊ असणार, असेच शास्त्रज्ञही बरीच वर्षे धरून चालले होते. त्याविषयी शंका घेतली तोमास लिंडाल या स्वीडिश संशोधकाने. डीएनएचा भाऊ शोभेल असा आरएनए नावाचा रेणू असतो. त्यावर काम करताना तो उष्णतेने पटकन विरतो हे लिंडाल यांनी पाहिले. मग डीएनए तरी जन्मभर कसा टिकतो? स्टॉकहोमला परतल्यावर त्यांनी मोजणी केली, आणि १९७२ च्या सुमारास जे निघाले ते थक्क करणारे होते. डीएनए मुळीच चिवट नाही. पेशीतले पाणी आणि शरीराची ऊब एवढ्यानेच तो झिजत राहतो. त्यांच्या हिशेबाने एका पेशीतली दिवसाला दहा हजारांच्या घरातली अक्षरे नुसती गळून पडतात. विष नको, किरण नकोत, पाप नको. नुसते जिवंत असणे पुरते.

लिंडाल यांचा पुढचा तर्क साधा होता. इतकी पडझड होऊनही आपण जगतो, त्या अर्थी आत कोणीतरी सतत दुरुस्ती करत असले पाहिजे. ते दुरुस्तीवाले शोधायला ते लागले आणि १९७४ मध्ये पहिला सापडला.

त्याची गंमत अशी. सी हे अक्षर कधी कधी आपोआप बिघडते आणि त्याचे यू होते. यू हे आरएनएच्या लिपीतले अक्षर, डीएनएच्या लिपीत त्याला जागा नाही. मराठी मजकूर तपासताना मध्येच एखादे कानडी अक्षर दिसावे तसे ते वेगळे उठून दिसते. पेशीतली काही एन्झाइम धाग्यावरून सरकत अशी परकी अक्षरे चाचपून पाहत असतात. संशयित अक्षर ती ओळीबाहेर काढून आपल्या खाचेत बसवून बघतात. बसले, तर ते यू. मग ते कापून टाकले जाते, रिकाम्या जागेभोवतीचा तुकडा काढला जातो, समोरच्या पदरावर जी आहे हे पाहून नवा सी बसवला जातो आणि शेवटी सांधा जोडला जातो. तपासणारा वेगळा, कापणारा वेगळा, भरणारा वेगळा, सांधणारा वेगळा. डीएनएच्या लिपीत यू का नाही याचेही एक उत्तर इथे मिळते. ते नेहमीचे अक्षर असते, तर खरे कोणते आणि बिघडलेले कोणते हे कळले नसते. दुरुस्ती करण्याआधी चूक ओळखू यावी लागते. माझ्या मनात या सगळ्या वाचनातून काही पक्के बसले असेल, तर ते हे.

ही झाली घरातली पडझड. बाहेरून येणारे घाव निराळे. तंबाखूच्या धुरातले काही पदार्थ अक्षरांना चिकटून बसतात. उन्हातले अतिनील किरण शेजारशेजारच्या दोन टींना एकमेकांना चिकटवून टाकतात आणि धाग्याला तिथे कुबड येते. या कुबडाच्या दुरुस्तीची कथा मला फार आवडते.

१९४९ साली अमेरिकेत आल्बर्ट केल्नर यांना असे आढळले, की अतिनील किरणांनी मरणपंथाला लागलेले जिवाणू साध्या प्रकाशात ठेवले तर पुष्कळसे जगतात. प्रकाशानेच मारलेले प्रकाशानेच उठतात! हे घडवणारे एन्झाइम ज्याने पुढे हाती आणले तो माणूस म्हणजे अझीझ सांजार. १९४६ मध्ये आग्नेय तुर्कस्तानातल्या सावुर नावाच्या लहान गावात, आठ भावंडांत सातवा असा त्यांचा जन्म. आईवडील शिकलेले नव्हते, पण मुलांनी शिकावे हा त्यांचा आग्रह. इस्तंबूलला डॉक्टर होऊन सांजार आपल्या भागात परतले आणि दीड-दोन वर्षे त्यांनी रुग्ण तपासले. पण जिवाणूंचे हे कोडे त्यांना स्वस्थ बसू देईना. ते अमेरिकेत गेले आणि १९७६ मध्ये डॅलस इथे त्यांनी त्या एन्झाइमचे जनुक वेगळे करून दाखवले. एवढे करूनही पुढच्या संशोधनासाठी तीन ठिकाणी केलेले अर्ज नाकारले गेले. शेवटी येल विद्यापीठात ते प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ म्हणून लागले. दिव्याखाली अभ्यास करून मोठे झालेल्या मुलांच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. ही त्यातलीच एक.

प्रकाशाने चालणारे हे एन्झाइम माणसाकडे नाही. उत्क्रांतीच्या वाटेवर आपण ते गमावले. आपण दुसरी रीत वापरतो आणि तिचाही उलगडा सांजार यांनी केला. कुबड आलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना काप घेऊन पंचवीस-तीस अक्षरांचा तुकडाच काढून टाकायचा आणि समोरचा पदर पाहून नवा विणायचा. ही रीत ज्यांच्या पेशींत जन्मतः बिघडलेली असते, त्या मुलांना ऊन सोसत नाही. त्वचेवर लहानपणीच डाग पडतात आणि कोवळ्या वयात त्वचेचा कर्करोग होतो. त्या रोगाचे नाव झेरोडर्मा पिगमेंटोसम. या रुग्णांच्या पेशींत नेमकी डीएनएची दुरुस्तीच होत नाही, हे १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत दाखवले. डागडुजी थांबली तर काय होते ते माणसात असे प्रथमच स्पष्ट दिसले.

आता माझ्या धंद्यातली चूक. पेशी दुभंगते तेव्हा दोन्ही संच मिळून सहाशे कोटी अक्षरांची नक्कल करावी लागते. नक्कल करणारे एन्झाइम साधारण लाखात एखादी चूक करते. मग तेच मागे वळून पाहते आणि बहुतेक चुका जागच्या जागी खोडते. त्यातूनही ज्या निसटतात, त्यांच्यासाठी दुसरा तपासनीस असतो. या सगळ्यांच्या हातून जाऊन शेवटी शंभर कोटींत एखादीच चूक उरते. छापखान्यात आम्ही दोघे बसत असू. एक जण हस्तलिखित मोठ्याने वाचायचा, दुसरा मुद्रितावर नजर ठेवायचा. दोन ठिकाणी दोन शब्द दिसले तर हस्तलिखितातला खरा. पेशीपुढे अडचण अशी, की तिच्या हातात दोन पदर असतात आणि दोन्ही सारखेच दिसतात. ए समोर सी आला तर ए चूक की सी? चुकीच्या बाजूची दुरुस्ती केली तर चूकच कायमची होऊन बसेल.

या प्रश्नाचे उत्तर पॉल मॉड्रिच यांनी दिले. जिवाणूंत जुन्या पदरावर ठरावीक जागी लहान रासायनिक खुणा असतात. नवा पदर कोरा असतो, त्यावर खुणा पडायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या अवधीत तपासनीस कोऱ्या पदराला नक्कल समजून त्यातली चूक काढतो. माणसाच्या पेशीत त्या खुणा नसतात. तिथे नव्या पदरात काही काळ राहिलेल्या चिरांवरून तो नवा असल्याचे ओळखू येते. लिंडाल, मॉड्रिच आणि सांजार या तिघांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

इथवरच्या सगळ्या दुरुस्त्यांत एक पदर शाबूत होता. पण दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर? क्ष-किरणांनी असे होते, आणि नकलेचे काम चालू असताना आपल्या आपणही होते. समोर पाहायला काहीच उरत नाही. पेशीच्या दृष्टीने याहून मोठे संकट नाही आणि माझ्या आपाची गोष्ट इथेच सुरू होते.

माझे मोठे मामू सोलापुरात रफूगार होते. चौकातल्या एका शिंप्याच्या ओट्यावर बसायचे. कोणी फाटका कपडा आणला की पहिला प्रश्न : "ठिगळ लावू की रफू करू?" ठिगळ लवकर होई. दोन्ही कडा ओढून शिवायच्या, थोडे कापड आत जायचे. रफूला वेळ लागे. मामू कपड्याच्या आतल्या शिवणीतून, न दिसणाऱ्या जागेतून त्याच कापडाचे धागे ओढून घेत आणि उभे-आडवे धागे मोजून भोक विणून काढत. धागा त्याच कापडाचा हवा. दुसरा लावला तर रंग जुळला तरी पोत जुळत नाही, असे ते म्हणत.

पेशीकडेही याच दोन रिती आहेत. पहिलीत तुटलेली दोन टोके धरून सरळ जोडली जातात. काम झटपट होते, पण दोन-चार अक्षरे पुष्कळदा हरवतात. दुसरी रीत रफूची. नक्कल झाल्यानंतर काही काळ पेशीत त्याच मजकुराची एक जुळी प्रत शेजारी असते. तुटलेले टोक थोडे उकलून त्या जुळ्या प्रतीत नेमकी तीच ओळ शोधायची आणि ती पाहून तुटलेला भाग जसाच्या तसा विणायचा. या रफूच्या कामात जी प्रथिने लागतात त्यांत दोन महत्त्वाची : बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. पहिले टोक तयार करायला मदत करते. दुसरे, रॅड-५१ नावाच्या प्रथिनाला त्या टोकावर आणून बसवते, आणि ते जुळी ओळ शोधते.

ही रीत किती दूर नेता येते हे पाहायचे तर डायनोकॉकस रेडिओड्युरन्स नावाच्या जिवाणूकडे पाहावे. १९५६ मध्ये अमेरिकेत किरणोत्साराने निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात तो जिवंत सापडला. माणसाला मारणाऱ्या मात्रेच्या हजारपट किरणोत्सार तो सोसतो. त्याचा डीएनए तुटत नाही असे नाही. शेकडो तुकडे होतात, पण त्याच्याकडे मजकुराच्या अनेक प्रती असतात आणि त्या ताडून काही तासांत तो सगळे पुन्हा जुळवतो. आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या जिवाणूवर काम झाले आहे.

पण रफूच्याही आधी भोक पडल्याचे कळावे लागते. दोन्ही पदर तुटताच तीन प्रथिनांची एक टोळी टोके पकडते आणि एटीएम नावाच्या प्रथिनाला जागे करते. ते तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना, लाखो अक्षरांच्या टप्प्यापर्यंत, खुणांचे निशाण लावत जाते. गावात आग लागल्यावर दवंडी पिटावी तसे हे असते. निशाण पाहून दुरुस्तीवाले गोळा होतात. त्याच वेळी पी-५३ नावाच्या प्रथिनाकडे निरोप जातो. ते पेशीचे दुभंगणे थांबवते : आधी दुरुस्ती, मग पुढचे काम. आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर तेच पेशीला स्वतःचा शेवट करायला लावते. एक बिघडलेली पेशी शरीराला धोक्यात घालण्यापेक्षा मुकाट्याने निघून जाते. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हा पी-५३ राखणदारच बिघडलेला आढळतो.

आता त्या दोन अक्षरांकडे येऊ. जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो, आणि दोन गटांत मोकळी जागा नसते. समजा मी काना-मात्रा नसलेली एक ओळ लिहिली : 'कमळ धवल गवत सरळ पवन तरल'. आता यातून 'ध' आणि 'व' गाळा, पण वाचन तीन-तीननेच करा. काय उरते? 'कमळ लगव तसर ळपव नतर ल'. गळली दोनच अक्षरे, पण पुढची सगळी ओळ वाया गेली. बीआरसीए-१ मध्ये नेमके हेच झाले होते. सुरुवातीलाच एक ए आणि एक जी गळला, पुढचे सगळे गट सरकले आणि काही अंतरावर अवेळी पूर्णविराम आला. तयार होते ते प्रथिनाचे निरुपयोगी टोक.

पण हे आपाच्या जन्मापासून होते, मग आजार साठीत कसा? कारण जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. एक प्रत चांगली असली तरी पेशीचे रफू चालते. वर्षे जातात आणि कधीतरी एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही खराब होते. त्या पेशीपुरते रफू बंद पडते. मग प्रत्येक तुटलेल्या जागी ठिगळे, ठिगळांतून नव्या चुका, त्या चुकांतून कर्करोग. म्हणजे आपाला कर्करोग वारशाने मिळाला नव्हता. वारशाने मिळाली होती एक राखीव प्रत कमी.

स्तनाचा कर्करोग काही घराण्यांत वारशाने येतो आणि त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवले. १९९४ मध्ये ते जनुक हाती आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांवरच्या एका मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७२ टक्के जणींना ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा आणि सुमारे ४४ टक्के जणींना अंडाशयाचा कर्करोग होतो. हेही सांगितले पाहिजे, की स्तनाचे बहुतेक कर्करोग असे वारशाने येत नाहीत. शंभरांतले पाच ते दहाच येतात. तेव्हा हे ऐकून कोणी उगाच घाबरू नये. पण घरात एकीपेक्षा जास्त जणींना असा आजार झाला असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारावे.

मी आपाला हे सगळे माझ्या परीने समजावले. ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे अम्मी..." आमची आई शेहेचाळिसाव्या वर्षी गेली. तालुक्याच्या गावी तेव्हा 'पोटात पाणी झाले' एवढेच कळले होते. तिचा कोणताही रिपोर्ट आमच्याकडे नाही. पण त्या दिवशी आपाने पुन्हा आपले काय चुकले असे विचारले नाही.

याच बिघाडाचा उपयोग औषधासाठीही झाला आहे. एकाच पदराला चीर पडली तर ती ओळखून दुरुस्तीला हाक देणारे पार्प नावाचे प्रथिन असते. ते औषधाने अडवले, तर त्या चिरांचे पुढे दोन्ही पदर तुटण्यात रूपांतर होते. निरोगी पेशी रफू करून निभावते. ज्या कर्करोगपेशीचे रफू आधीच बंद आहे, ती मात्र मरते. रोगाचा जो दोष, तोच त्याचे मर्म. ही कल्पना २००५ मध्ये दोन संशोधक गटांनी एकाच वेळी मांडली आणि २०१४ मध्ये ओलापॅरिब हे या जातीचे पहिले औषध मान्य झाले. आपा आज त्याच गोळ्या घेते आहे. थकवा येतो, रक्त कमी होते, पण ती स्वतःच्या पायांनी बाजारात जाते.

प्रश्न उरला पुढच्या पिढीचा. आई किंवा वडिलांत हा दोष असेल तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. आपाच्या धाकट्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू होते. नात्यातली वडीलधारी मंडळी म्हणू लागली, "लग्न ठरेपर्यंत हा विषय नको. कळलं तर कोण करील पोरीला?" त्यांची काळजी खोटी नव्हती. भाची एका संध्याकाळी माझ्याकडे आली आणि आमच्या घरच्या दखनीत विचारले, "मामू, मैं टेस्ट करूं की नक्को?"

हो किंवा नाही म्हणणे माझे काम नव्हते. मी तिला समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे जा म्हटले. फक्त मला जे समजले होते ते सांगितले. जखम झालेली पेशी धोक्याची नसते, जखम झाल्याचे न कळलेली पेशी धोक्याची असते. दोष असल्याचे कळले, तर वेळेवर तपासण्या करता येतात, मुले झाल्यावर अंडाशय काढून टाकण्याचा विचार करता येतो. न कळले, तर अम्मीसारखे पोटात पाणी झाल्यावर कळते.

तिने तपासणी करायची ठरवली. मी सोबत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मलाच विचारले, "तुम्ही केली का? तुम्हीही त्याच आईचे." खरे सांगतो, हे मला सुचलेच नव्हते. हा बायकांचा आजार, असेच डोक्यात. पण पुरुषही ती अक्षरे वाहतो आणि पुढे देतो. क्वचित त्यालाही आजार होतो. मीही रक्त दिले.

तीन आठवड्यांनी दोन पाकिटे आली. भाचीच्या जनुकात सगळी अक्षरे जागच्या जागी होती. माझ्या जनुकात दोन गळलेली होती.

मला एक मुलगी आहे, चोवीस वर्षांची. जी गोष्ट मी भाचीला इतक्या सहज समजावली होती, ती माझ्या मुलीला सांगायला मला आठ दिवस लागले. शब्दांशी खेळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला शब्द सापडेनात. शेवटी एका रविवारी सकाळी चहा पिताना सांगितले. ती थोडा वेळ कपाकडे पाहत बसली. मग तिने विचारले, "अब्बू, कुठली दोन अक्षरं?"

"ए आणि जी," मी म्हणालो.

तिने रिपोर्ट मागून घेतला, ती ओळ शोधून काढली आणि बोट ठेवून दोनदा वाचली. मग म्हणाली, "पुढच्या सोमवारी मला सुट्टी आहे. तेव्हा जाऊ या."